फ्लोरेन्सवरचा कठडा आणि कोल्हापूरची छत्री

फ्लोरेन्सचा जो फोटो कॅलेंडरांवर आणि चॉकलेटच्या डब्यांवर दिसतो, तो बहुतेक वेळा एकाच जागेवरून काढलेला असतो. खाली आर्नो नदी, तिच्यावर ओळीने पूल, मधोमध विटकरी घुमट, मागे निळसर डोंगर. ही जागा म्हणजे नदीच्या दक्षिणेच्या टेकडीवरचा पियाझाले मिकेलान्जेलो. मोठा फरसबंद चौक आणि त्याला दगडी कठडा. शहर बघायला लोक तिथे जातात आणि शहराला पाठ करून स्वतःचे फोटो काढतात.

आमच्या घरात मात्र फ्लोरेन्सचं नाव वेगळ्याच कारणाने निघायचं. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, पक्के कोल्हापूरचे. सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांच्या लेखी फ्लोरेन्स म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये वारले आणि जिथे त्यांची छत्री, म्हणजे स्मारक, आहे ते गाव. मायकेल अँजेलो आणि मंडळी त्यानंतर. इटलीला जायचं ठरलं तेव्हा रोम बघू, व्हेनिस बघू, सगळ्याला त्यांनी मान हलवली आणि मग म्हणाले, "पण महाराजांच्या छत्रीवर जायचंच. एवढ्या लांब एकटा ऱ्हायलाय आपला राजा."

शनिवार

रोमहून फ्लोरेन्सला वेगवान गाडीने दीड तास लागतो. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनात उतरलो, सामान खोलीवर टाकलं आणि बारा नंबरची बस पकडून थेट टेकडी गाठली. बस नदी ओलांडते, मग झाडीतल्या वळणावळणाच्या रस्त्याने निवांत चढते. आप्पा खिडकीशी बसून वळणं निरखत होते. "चढ जाणवतोय का बघ तुला. इंजिन सुद्धा कुरकुरत न्हाई. आखणाऱ्यानं डोकं लावलंय," असा शेरा त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत मारला. आखणाऱ्याचं नाव त्यांना दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

मे महिन्यात तिथे आठ वाजून गेले तरी ऊन असतं. चौकात पोचलो तेव्हा पायऱ्यांवर बसायला जागा नव्हती. गिटारवाला, थंड बिअर विकणारे, सेल्फीच्या काठ्या विकणारे, दोन नवऱ्या मुली लग्नाच्या पांढऱ्या झग्यात, आणि या सगळ्यांमधून वाट काढणाऱ्या टूर बसेस. सूर्य टेकला तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. सूर्यास्ताला टाळ्या वाजवायची पद्धत मला अजून पचनी पडलेली नाही.

गर्दी सोडून दिली तरी संध्याकाळच्या या धावपळीबद्दल माझं एक म्हणणं आहे. सूर्य मावळतो तो नदीच्या खालच्या अंगाला, पश्चिमेकडे. त्यामुळे आकाश रंगतं, नदी चमकते, पण घुमट आणि मनोरे काळपट दिसायला लागतात. शहर ज्या रंगांसाठी बघायचं, ते विटांचे, कौलांचे, संगमरवराचे रंगच हाती लागत नाहीत. सकाळी ऊन पाठीमागून येऊन नेमकं शहरावर पडतं. शिवाय सकाळी चौक रिकामा असतो.

तरीही त्या गर्दीत कठड्याशी फूटभर जागा मिळाली आणि डावीउजवीकडचं सगळं एकदा लावून घेतलं. सगळ्यांत मोठा तो सांता मारिया देल फिओरे या कॅथीड्रलचा घुमट, त्याला लागून जोत्तोचा चौकोनी घंटामनोरा. डावीकडे किल्ल्यासारखी तटाची कंगोरेदार इमारत आणि तिचा ९४ मीटरचा मनोरा म्हणजे पलाझ्झो वेक्किओ, शहराचा जुना दरबार. उजवीकडे जवळच सांता क्रोचेचं चर्च. मायकेल अँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली तिघंही तिथे पुरलेले आहेत. त्याच्याही उजवीकडे एक हिरवा घुमट दिसतो, तो १८८२ साली बांधलेल्या ज्यू प्रार्थनामंदिराचा.

"छत्री कुठं दिसत्या काय?" आप्पांनी विचारलं. नवऱ्याने फोनवर नकाशा काढला. नदी पश्चिमेकडे वाहत जाते, शेवटच्या पुलांच्या पलीकडे गर्द झाडीचा लांबच लांब पट्टा सुरू होतो, तो कश्चिने बाग. छत्री त्या बागेच्या पार शेवटच्या टोकाला. म्हणजे इथून दिसणार नाही, फक्त झाडी दिसणार. आप्पांनी चष्मा पुसून तिकडे बराच वेळ बघितलं. खोलीवर परतताना बसला इतकी गर्दी होती की दोन बसेस सोडाव्या लागल्या.

रविवार

रविवारी चालत वर जायचं ठरवलं. आप्पांच्या गुडघ्यांची काळजी होती, पण त्यांना रस्ता बघायचा होता, त्यामुळे गुडघ्यांना विचारलं गेलं नाही.

आधी पोन्ते वेक्किओ. पुरात वाहून गेलेल्या पुलाच्या जागी १३४५ साली उभारलेला हा दगडी पूल. दोन्ही बाजूंना दुकानं, आणि सगळी सोनारांची. पूर्वी इथे खाटीक बसायचे. १५९३ मध्ये ग्रँड ड्यूक फर्डिनांड पहिला याने त्यांना हटवून सोनारांना जागा दिली. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले बाकीचे पूल उडवले. हा एकटा वाचला, तोही दोन्ही तोंडांची जुनी घरं सुरुंगाने पाडून रस्ता अडवल्यावर. दुकानं अजून उघडायची होती. त्यांची लाकडी दारं लोखंडी पट्ट्यांनी जडवलेल्या पेटाऱ्यांसारखी दिसतात आणि खरं सांगायचं तर आतल्या दागिन्यांपेक्षा तीच बघण्यासारखी आहेत.

पूल ओलांडून डावीकडे वळलं की सान निकोलो भाग लागतो. तिथे नदीकाठी एक उंच, एकाकी मनोरा उभा आहे. तो मनोरा नाही, वेस आहे. १३२४ ची. शहराला तटबंदी होती तेव्हाची. बाकीच्या वेशींची उंची पुढच्या काळात कमी केली गेली, ही मात्र मूळ उंचीची राहिली, कारण पाठीशी टेकडी असल्यामुळे तोफांचा धोका कमी होता. मग तटबंदी कुठे गेली? इथे आप्पांच्या त्या रस्ता आखणाऱ्याची गाठ पडते.

जुझेप्पे पोज्जी. १८६५ साली इटलीची राजधानी तुरिनहून फ्लोरेन्सला हलली. मध्ययुगीन गल्लीबोळांचं हे गाव एकाएकी राजधानी झालं आणि त्याला राजधानीसारखं दिसायची घाई झाली. पोज्जीने उत्तरेकडची जुनी तटबंदी पाडून तिच्या जागी रुंद रस्ते काढले, वेशी तेवढ्या मोकळ्या चौकांत सुट्या ठेवल्या. दक्षिणेच्या टेकड्यांवरून त्याने झाडीतला लांब वळणाचा रस्ता नेला आणि १८६९ मध्ये आखलेला हा चौक त्या रस्त्याचा कळस. म्हणजे ज्या कठड्यावरून आपण 'प्राचीन' फ्लोरेन्स बघतो तो कठडा दीडशे वर्षांचा.

"म्हंजे आपल्यासारखंच," आप्पा म्हणाले. "गंगावेस, रंकाळा वेस, आदितवार वेस. नावं ऱ्हायली, वेशी गेल्या. ह्यांनी निदान वेशी तरी ठेवल्या."

वेशीपासून वर चौकापर्यंत पोज्जीने नागमोडी चढ, त्यात दगडी कपारी, कारंजी आणि पाण्याच्या पायऱ्या केल्या आहेत. बरीच वर्षं ही कारंजी कोरडी होती. २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाणी पुन्हा खेळायला लागलं. आप्पा प्रत्येक वळणावर थांबत होते. गुडघ्यांसाठी थांबतात असं आम्हाला वाटत होतं, पण ते भिंतीला हात लावून पाण्याचा निचरा कुठून काढलाय ते शोधत होते. मऊ मातीची टेकडी, वर एवढा सपाट चौक, आणि पावसाचं पाणी जाणार कुठे, हा त्यांचा प्रश्न. त्यातल्या एका कपारीपाशी त्यांना मनासारखं उत्तर सापडलं. ते आम्हाला समजावून सांगितलं गेलं, दोनदा.

चौकाच्या थोडं आधी, पूर्व अंगाला आयरिसची बाग आहे. ती एप्रिलच्या अखेरीपासून साधारण २० मेपर्यंतच उघडी असते आणि प्रवेश फुकट. मे महिन्यात जाणाऱ्याने ही चुकवू नये. ऑलिव्हच्या झाडांखाली उतारावर ओळीने जांभळ्या, पिवळ्या, तपकिरी, जवळजवळ काळ्या आयरिस. फ्लोरेन्सच्या झेंड्यावरचं फूल हेच. मूळ झेंडा लाल जमिनीवर पांढऱ्या फुलाचा होता. १२५१ मध्ये विरोधी गटाला शहराबाहेर हाकलल्यावर जिंकलेल्यांनी रंग उलटे केले, तेव्हापासून पांढऱ्यावर लाल. गंमत म्हणजे या जातीत अस्सल लाल फूल अजून कोणाला काढता आलेलं नाही. शहराने झेंड्यावर नेमकं तेच घेतलंय.

चौक सकाळी अर्धा रिकामा होता. मध्यभागी ब्राँझचा डेव्हिड, त्याच्या पायाशी फ्लोरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्याच्या थडग्यांवरच्या दिवस, रात्र, पहाट आणि सांज या चार मूर्तींच्या प्रतिकृती. मायकेल अँजेलोच्या कामांचा हा सगळा मेळावा नकलांचा आहे, आणि त्याला समर्पित केलेल्या चौकात त्याच्या हातची एकही वस्तू नाही. मागे कमानींची देखणी इमारत दिसते, ती पोज्जीने मायकेल अँजेलोच्या संग्रहालयासाठी बांधली होती. संग्रहालय झालं नाही. तिथे पुढे रेस्टॉरंट झालं. तिच्या खालच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पोज्जीचं नाव आणि पुढे असा मजकूर : वळून सभोवार पाहा, हेच त्याचं स्मारक. साल १९११.

ब्राँझचा डेव्हिड १८७३ च्या जूनमध्ये नऊ बैलजोड्यांनी वर ओढून आणला. त्याच वर्षी खालच्या चौकातला मूळ संगमरवरी डेव्हिड, सवापाच मीटरांच्या आसपास उंचीचा, ऊनपावसातून उचलून अकादमीच्या इमारतीत नेला गेला. पण तोपर्यंत राजधानी हातची गेली होती. १८७० च्या सप्टेंबरात रोम जिंकलं गेलं, १८७१ मध्ये राजधानी तिकडे गेली, आणि इतका खर्च करून बसलेल्या फ्लोरेन्सच्या नगरपालिकेचं १८७८ मध्ये दिवाळं निघालं. कठडा मात्र राहिला. आप्पांना हा भाग फार आवडला. सरकारी कामाचं बिल थकणं हा त्यांचा जन्मभराचा विषय.

चौकापाशी थांबू नका. आणखी दहा मिनिटं चढून सान मिनियातोला जा. माझ्या मते खरी जागा ती. टेकडीच्या माथ्यावरचं हे चर्च १०१३ ते १०१८ च्या सुमारास बांधायला घेतलं. दर्शनी भिंत पांढऱ्या आणि गडद हिरव्या संगमरवराच्या भौमितिक नक्षीची, वर मधोमध सोनेरी मोझाइक, आणि शिखरावर तांब्याचा गरुड. गरुडाच्या पायात लोकरीचा गठ्ठा आहे. या चर्चचा सांभाळ कापड व्यापाऱ्यांचा संघ करायचा, ही त्यांची निशाणी. चर्चच्या शिखरावर आपला ट्रेडमार्क बसवणारे व्यापारी मला फार प्रामाणिक वाटले.

संत मिनियातोची कथा अशी की रोमन काळात नदीकाठी त्याचा शिरच्छेद झाला, तेव्हा तो उठला, स्वतःचं मुंडकं हातात घेतलं, नदी ओलांडली आणि टेकडी चढून आपल्या गुहेपाशी येऊन पडला. आप्पांनी चढाकडे मागे वळून बघितलं. "डोकं खाली ठेवून आला असता तर हलका आला असता," एवढंच बोलले.

चर्चचा घंटामनोरा अर्धवट आणि ठेंगणा वाटतो, पण त्याच्या नावावर एक लढाई आहे. १५२९-३० मध्ये सम्राट चार्ल्स पाचवा आणि मेदिची यांच्या फौजांनी फ्लोरेन्सच्या प्रजासत्ताकाला वेढा घातला. तटबंदीचं काम मायकेल अँजेलोकडे होतं. या मनोऱ्यावर तोफा चढवल्या होत्या आणि शत्रूचा मारा त्याच्यावरच होता. त्याने मनोऱ्याभोवती लोकरीचे गठ्ठे आणि गाद्या दोरांनी लटकवल्या, गोळे त्यात रुतायचे. मनोरा वाचला. प्रजासत्ताक वाचलं नाही. त्या वेळच्या मोर्चेबंदीचा वारसा सांगणाऱ्या भिंती आजही चर्चभोवती आहेत.

आत जमिनीवर १२०७ ची राशिचक्राची संगमरवरी नक्षी आहे, अगदी लेससारखी बारीक. मेष, वृषभ ओळखत आम्ही वाकून चालत होतो. संध्याकाळी तळघरातल्या प्राचीन देवघरात भिक्षू ग्रेगोरियन पद्धतीची प्रार्थना गातात. पांढऱ्या कफन्यांमधली मोजकी माणसं, वाद्य नाही, माइक नाही. लॅटिन शब्द कळत नव्हते पण चाल सरळ होती. एक ओळ एका बाजूने, पुढची दुसऱ्या बाजूने. आप्पा डोळे मिटून बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, काकड आरतीला पलीकडची बाजू अशी उचलून धरणारं आता कोणी राहिलं नाही.

चर्चच्या मागे आणि बाजूला मोठं कबरस्तान आहे. पिनोकिओ लिहिणाऱ्या कार्लो कोल्लोदीची कबर त्यातच. पुढच्या पायऱ्यांवरून शहर पुन्हा दिसतं, पियाझालेवरून दिसतं त्याहून थोडं वरून, आणि मधे सायप्रसची झाडं येतात. गिटार ऐकू येत नाही. आम्ही तिथेच बसून सोबत आणलेला चिवडा खाल्ला.

सोमवार

सोमवारी उफ्फिझी आणि अकादमी ही दोन्ही कलासंग्रहालयं बंद. त्यामुळे हा दिवस घुमटासाठी ठेवला होता. तिकीट वेळेसकट आधी काढावं लागतं, लिफ्ट नाही, ४६३ पायऱ्या. आप्पांना खाली चौकात घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीच्या पुतळ्यापाशी बसवलं. पुतळा बसल्या जागेवरून आपल्या घुमटाकडे मान वर करून बघतोय. परत आलो तेव्हा आप्पाही त्याच मुद्रेत होते.

घुमट १४२० ते १४३६ मधे उभा राहिला. आतला व्यास सुमारे ४५ मीटर, विटा चाळीस लाखांहून जास्त. एवढ्या रुंदीच्या कमानीला खालून आधार देणारा लाकडी सांगाडा उभारणं परवडणारं नव्हतं आणि शक्यही नव्हतं. ब्रुनेलेस्कीने घुमट दुहेरी केला, आत एक कवच, बाहेर एक, आणि विटा काही अंतरावर उभ्या लावून आडव्या थरांना अडकवत नेल्या, म्हणजे ओला थर आत घसरत नाही. आपण चढतो तो जिना या दोन कवचांच्या मधून जातो. वर वर भिंत अंगावर कलत जाते, एका खांद्याने घासत चालावं लागतं, आणि त्या उभ्या विटा अगदी नाकासमोर दिसतात. मी आप्पांसाठी तीन फोटो काढले. खाली आल्यावर त्यांनी फोन आडवा-उभा करून ते फोटो इतका वेळ पाहिले की आमची कॉफी गार झाली.

वरून उलटी बाजू दिसते. नदीपलीकडे टेकडी, टेकडीवर कठडा, कठड्यावर मुंग्यांएवढी माणसं आपल्याकडे बघतायत. त्यांच्या वर पांढरं-हिरवं सान मिनियातो. आणि पश्चिमेला, नदीच्या काठाने, कश्चिनेची झाडी.

कॅथीड्रलच्या दर्शनी भिंतीबद्दल एक सांगायला हवं. पांढऱ्या, हिरव्या, गुलाबी संगमरवराची ही गच्च नक्षी बघून कोणालाही वाटेल की ती घुमटाच्याच काळातली. ती पूर्ण झाली १८८७ मध्ये. त्याआधी कित्येक शतकं कॅथीड्रलचं तोंड ओबडधोबड, उघडं होतं. मी हे सांगितल्यावर आप्पांनी ताबडतोब हिशेब केला. "म्हणजे महाराज आले तेव्हा हे नव्हतं."

नव्हतं. टेकडीवरचा ब्राँझचा डेव्हिडही नव्हता, चौकाचं काम चालू होतं. महाराजांनी पाहिलं असेल ते फ्लोरेन्स उकरलेलं, तट पाडलेलं, उघड्या तोंडाच्या कॅथीड्रलचं, आणि आणखी काही महिन्यांपुरतंच राजधानी असलेलं.

दुपारी सात नंबरच्या बसने फिएझोलेला गेलो. उत्तरेच्या डोंगरावरचं हे गाव फ्लोरेन्सहून जुनं, रोमनांच्या आधीच्या इट्रस्कन लोकांचं. रोमन नाट्यगृहाच्या पायऱ्या शाबूत आहेत. सान फ्रान्चेस्कोच्या मठाकडे जाणारा चढ मात्र कठीण, आप्पा खालीच थांबले. वरून अख्खं खोरं दिसतं आणि घुमट केवढा प्रचंड आहे ते इथे कळतं, कारण बाकीचं शहर त्याच्या पायाशी विरघळून जातं. ऊन फार होतं, आम्ही लवकर परतलो. रात्री रिबोल्लिता खाल्लं, शिळा पाव, वाल आणि पालेभाजी घालून आटवलेलं सूप. इथल्या पावात मीठ नसतं. आप्पांनी शांतपणे बॅगेतून लसणीची चटणी काढली.

मंगळवार

कश्चिने बाग नदीच्या उजव्या काठाने साडेतीन किलोमीटर पसरली आहे. रुंदी बेताची, लांबी न संपणारी. पूर्वी मेदिचींची शेतं आणि शिकारीचं रान, नंतर लोकांसाठी मोकळी झालेली. ट्राम बागेच्या शहराकडच्या टोकापर्यंत नेते. तिथून पुढे चालत, सायकलने किंवा टॅक्सीने. आम्ही टॅक्सी केली. "इंदियानो," एवढंच सांगितलं आणि टॅक्सीवाल्याला पत्ता विचारावा लागला नाही. बागेच्या टोकाचा छोटा चौक इंदियानोचा, त्यापलीकडे १९७० च्या दशकात बांधलेला केबलवर तोललेला मोठा पूलही इंदियानोचा. कोण इंदियानो, हे त्याला विचारलं. भारतातला एक राजपुत्र, तरुण होता, म्हणाला. नाव त्याला माहीत नव्हतं. आप्पांनी पुढच्या सीटवरून ते स्वच्छ मराठीत सांगितलं : छत्रपती राजाराम महाराज, करवीर.

जन्म १८५०. गादीवर आले १८६६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी. इंग्रजी शिकलेले, वाचनाची आवड असलेले. समुद्र ओलांडून विलायत बघायला गेलेल्या पहिल्या संस्थानिकांपैकी ते एक. १८७० च्या उन्हाळ्यात इंग्लंडला पोचले, तिथे राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, कारखाने, शाळा, पार्लमेंट पाहिलं. ते रोजची डायरी लिहीत. ती पुढे कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापली. परतीच्या वाटेवर, इटलीत, तब्येत बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लोरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय वीस.

दहन हा तेव्हा इटलीत न घडणारा प्रकार. दहनासाठी खास परवानगी काढावी लागली. बरोबरच्या लोकांना संगम हवा होता, आणि शहराबाहेर, बागेच्या टोकाला, मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो तिथे तो सापडला. त्या जागी चिता रचली गेली. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली.

झाडांमधून पुढे आलो आणि ती एकदम समोर आली. उंच चौथरा, त्यावर खांब, वर घुमटीचं छत, मध्ये महाराजांचा अर्धपुतळा, भोवती लोखंडी जाळी. पुतळा रंगीत आहे, डोक्याला पागोटं, गळ्यात दागिने, चेहरा मिसरूड फुटलेल्या पोराचा. तो फ्लोरेन्समध्ये राहणाऱ्या चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवला. चौथऱ्यावर इंग्रजी, इटालियन आणि देवनागरीत लेख.

छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. हे नाव ऐकून आप्पा थबकले. मँट त्यांना चांगला माहीत. कोल्हापूरचा टाउन हॉल त्याचा, नवा राजवाडा त्याचा, बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही त्याचाच. नव्या राजवाड्याचं काम १८७७ मध्ये सुरू झालं, म्हणजे ही छत्री त्याच्या आधीची. आप्पांनी चप्पल काढली, नमस्कार केला, मग चप्पल घालून जाळीभोवती पावलं टाकत प्रदक्षिणा आणि मोजमाप दोन्ही एकदम उरकलं. खांबांची जाडी, कमानीची वाटी, पाण्याची पन्हळ. खिशातल्या वहीत त्यांनी रेखाचित्र काढायला घेतलं. नवरा म्हणाला, "आप्पा, फोटो काढलाय मी." आप्पा म्हणाले, "फोटोत माप येत न्हाई."

मी तेवढ्यात नदीकडे गेले. संगम बघायला म्हणून जाल तर निराशा होईल. ओढ्याचं पाणी गढूळ, काठाला गवत, वर पुलावरून ट्रकांचा आवाज. पंचगंगेचा घाट डोळ्यांसमोर ठेवून आलेल्या माणसाला इथे घाट नाही, पायरी नाही. पण पुलाखालून पादचाऱ्यांसाठी वाट आहे, तिच्यावरून नदी उलटी, शहराकडे बघता येते. झाडीचा पट्टा, पूल, आणि त्या दिशेला टेकड्या.

सांगण्यासारखं अजून एक. महाराजांना मुलगा नव्हता. १८७१ मध्ये नारायणराव दत्तक आले, ते चौथे शिवाजी. १८८३ मध्ये तेही गेले, आणि १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव दत्तक आला. ते शाहू महाराज. आप्पांच्या मते कोल्हापूरचा पुढचा सगळा इतिहास या संगमावरून वळलाय. इतिहासाची अशी सरळ रेघ ओढायला मी तयार नाही, आणि ते मी त्यांना तिथेच सांगितलं. टॅक्सी येईपर्यंत आमचा वाद चालला. नवरा दोघांच्या मधे उभा राहून पुलाच्या केबली मोजत होता.

मंगळवारी सकाळी बागेच्या शहराकडच्या भागात मोठा आठवडी बाजार भरतो. कपडे, भांडी, चीज, भाजलेल्या कोंबड्या, रोपं, कातडी पट्टे. टुरिस्ट कमी, गावातल्या आजीबाई जास्त, भाव शहरातल्या दुकानांपेक्षा बरे. दुपारी माल आवरायला लागतात, त्यामुळे छत्री लवकर बघून मग बाजारात या. आम्ही चेरी घेतल्या, आप्पांनी एक पट्टा घेतला. किमतीची घासाघीस ते मराठीत करत होते, विकणारा इटालियनमध्ये, आणि तीन युरो उतरले. व्हेनिसची गाडी साडेतीनची होती.